दुरुस्तीला नेलेला राखणदार

लिनो मास्तरांचा कॅमेरा चालू करायला तीन माणसं लागत. एक बटण दाबायला, एक बॅटरीचं झाकण अंगठ्याने दाबून धरायला आणि एक, 'ह्या डबड्यापेक्षा मोबाइल बरो' असं म्हणायला. तिसरं काम मास्तरांची बायको स्टेला कोणी न सांगता करत असे.

कॅमेरा वाईट नव्हता. पणजीत घेतलेला, चंदेरी, शर्टाच्या खिशात मावणारा. चालू केला की पुढची नळी कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची. पण समुद्रकाठच्या तोंडवलीच्या खाऱ्या हवेत खिडक्यांच्या बिजागऱ्या, सायकली आणि शहरातून निवृत्त होऊन आलेली माणसं, सगळ्यांनाच वर्षभरात गंज चढतो. कॅमेऱ्याने त्यातल्या त्यात बराच तग धरला होता.

मास्तर निवृत्त होईपर्यंत हायस्कुलात विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांना घरात शिकवायला कोणी उरलं नव्हतं. मुलगा ब्रँडन जहाजावर होता आणि स्टेला ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. त्यामुळे मास्तर दिवसभर ओटीवरून परसात आणि परसातून ओटीवर फिरत. मधूनच कपाटातून कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका काढत आणि तिचं शेवटचं प्रकरण उभ्याउभ्या वाचत. डाव्या रकान्यात तक्रार, उजव्या रकान्यात उपाय. कॅमेरा चालू होत नाही. नळी अडकली. कार्ड फोटो घेत नाही. संसारात अशी सोय नाही याचं मास्तरांना मनापासून वाईट वाटे.

त्या मंगळवारी स्टेलाने फर्मान काढलं.

"माका आज फोटो होये. पुण्याची बाई इचारून इचारून थकली."

"बॅटरी चार्जिंगक लायलंय."

"सकाळपासून लायलास. इतक्यात म्हशीचां पोट भरला असतां."

पुण्याची बाई म्हणजे प्राजक्ता मॅडम. आठ जणांचा ग्रुप घेऊन त्या शनिवारी येणार होत्या आणि स्टेलाच्या आयुष्यातले ते पहिले पाहुणे होते. म्हणजे पैसे देऊन येणारे पहिले. जुना गोठा पाडून तिने दोन खोल्या बांधल्या होत्या, दोन्ही खोल्यांना आतून न्हाणीघर. तिची बहीण मेल्विना म्हापशाला गेस्टहाउस चालवते. खोल्या बघून मेल्विना म्हणाली होती, "बरीं दिसतात गो. पण हंय मरूक कोण येतलो?" त्या दिवसापासून स्टेलाला झोप नव्हती. हा शनिवार नीट पार पडला, तर धंदा उभा राहणार होता. नाही पार पडला, तर नाताळात मेल्विना येऊन त्या खोल्यांत नारळ ठेवायचा सल्ला देणार होती.

पाहुणे यायचं खरं कारण सुगंधा होती. सुगंधा शेजारच्या घरातली. तिच्या हातच्या कोंबडी-वड्यांवर आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यावर भरवसा ठेवूनच स्टेलाने जाहिरातीत 'सुगंधाकाकूंच्या हातचं जेवण' असं ठळक लिहिलं होतं. स्वतःचं नाव तिने जेवणाजवळ कुठेही येऊ दिलं नव्हतं. स्टेलाच्या हाताला चव होती, पण ती नेमकी कसली, हे अजून कोणाला सांगता आलेलं नव्हतं.

स्टेलाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच विहिरीच्या काठावर फुटली होती, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोटोत वीज पडताना दिसे. मास्तरांच्या मोबाइलमधून फोटो निघत, पण ते कशाचे हे शेजारी उभं राहून सांगावं लागे. उरला कॅमेरा.

दुपारी मास्तर कामाला लागले. बॅटरी चार्ज झाली, तरी कॅमेरा मुका. मास्तरांनी बॅटरीचे पितळी ठिपके शाळेतल्या खोडरबराने घासले. खोडरबर हिरवं झालं, कॅमेरा चालू झाला. नळी बाहेर आली ती अर्धीच, आणि करकर करून थांबली. रेती. मास्तरांनी नळीच्या कडेने सायकलच्या पंपाने हळूहळू हवा मारली.

सुगंधा परसात भात पाखडत होती. तिने सूप थांबवलं. "मास्तरानू, पंक्चर झालो काय तो?"

"सुगंधा, तू भात पाखड."

"पाखडतंय. पण हवा जास्ती भरू नकात. फुटात."

नळी सुटली. तोवर पडद्यावर नवीन संदेश आला, कार्ड कुलूपबंद आहे. कार्डाच्या कडेला नखाएवढी पट्टी असते, ती खाली सरकली की कार्ड फोटो घेत नाही. मास्तरांना हे ठाऊक होतं. फक्त पट्टी दिसत नव्हती. चष्मा शोधण्यात वेळ गेला, तो डोक्यावर आहे हे स्टेलाने सांगण्यात थोडा आणखी गेला, आणि सगळं जुळून आलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती.

मास्तरांनी धडाधड फोटो काढले. ओटी, खोल्या, खळं, परस. अंधारत आल्यामुळे कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने फ्लॅश उडवला.

फोटो बघायला सुगंधा पदराला हात पुसत आली. चिमुकल्या पडद्यावर फोटो पुढे सरकत होते. परसाच्या फोटोवर तिने मास्तरांचा अंगठा धरून थांबवला.

"हो कोण?"

"खंय कोण?"

"हो. रतांब्याकडे. वाटोळो, पांढरोफटक."

रतांब्याखाली, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली, एक पाषाण आहे. मास्तरांच्या आजोबांनी जमीन घेतली तेव्हा तिच्याबरोबर विहीर आली, नऊ माड आले आणि हा राखणदारही आला. वाडीच्या शिवेच्या आतलं सगळं तो राखतो अशी समजूत. घराणं किरिस्ताव, रविवारी इगर्जीत जाणारं. पण वर्षातून एकदा सुगंधाचा नवरा बाबू पाषाणापुढे नारळ फोडून गाऱ्हाणं घाली आणि नारळ मास्तरांच्या माडाचा असे. पाद्रींनी कधी विचारलं नाही, मास्तरांनी कधी सांगितलं नाही. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

आता त्या पाषाणावर, माणसाच्या उंचीवर, एक पांढरा गोल तरंगत होता. कडेने मऊ, मधे दाट.

मास्तर समजावून सांगायला लागले की त्यांची मालवणी सुटे आणि शाळेतली मराठी चालू होई. "हे बघ सुगंधा, हवेत धुळीचे कण असतात. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असतो. जवळचा कण फ्लॅशमध्ये उजळतो, आणि तो भिंगाच्या आवाक्यात नसल्यामुळे मोठा, गोल आणि धूसर दिसतो. हा बिघाड नव्हे, असं पुस्तिकेतही दिलेलं आहे."

"होय," सुगंधा म्हणाली, आणि बाबूला बोलवायला गेली.

बाबूने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. पायातल्या चपला आधी बाहेर काढल्या. बराच वेळ बघितलं.

"धूळ मरे ती," मास्तर म्हणाले.

"असतली," बाबू म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हताच. "माका काय म्हायत. पण मास्तरानू, धूळ सगळ्या परसात. ती नेमकी पाषाणारच कशी येवन बसली?"

"योगायोग."

"तांच म्हणतंय मी."

सुगंधाचा चेहरा मात्र खुलला होता. "बरां झाला. परकी माणसां येतली म्हणान माझ्या जीवाक घोर होतो. आता राखण डोळ्यांनी दिसली. शनिवारी कसे वडे करतंय बघा."

प्रकरण इथेच संपलं असतं. पण बुधवारी स्टेलाने ब्रँडनच्या जुन्या लॅपटॉपवरून सगळे फोटो पुण्याला पाठवले आणि थोड्या वेळात उत्तर आलं. 'ताई, जागा गोड आहे. पण झाडाजवळ ते पांढरं काय आहे? आमच्यातल्या दोघी फार घाबरतात. त्याशिवायचा फोटो मिळाला तर लगेच फायनल करते.'

स्टेलाने तो निरोप मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवला. मग कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "कट्ट्याक जावा. सुशांताक दाखवा. ह्यां पांढरां माका उद्या दिसूक नको."

सुशांत मास्तरांचा विद्यार्थी. कट्टा गावच्या बाजारात त्याचं दुकान आहे. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि सणासुदीला फटाके. त्याने नळीच्या कडेची रेती बारीक ब्रशने काढली, भिंग पुसलं, झाकणाची खिटी बसवली.

"आणि सर, फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा कशावर तरी टेकवा आणि टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही. गोल येणार नाही."

हे मास्तरांना माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकावी लागली म्हणून ते परतीच्या वाटेवर स्कूटरशी बोलले नाहीत.

गुरुवारच्या तिन्हीसांजेला त्यांनी परसात स्टूल मांडलं, त्यावर कॅमेरा, फ्लॅश बंद, टायमर चालू. फोटो असा आला की स्टेलाने कॅमेरा मास्तरांच्या हातून ओढून घेतला. निळसर उजेड, ओटीवरचे दिवे, रतांबा, पाषाण. बस. पुण्याहून लगोलग चार लाल बदाम आले आणि त्याखाली 'फायनल!!'

या क्षणी मास्तरांनी कॅमेरा कपाटात ठेवला असता तर शनिवार सुखाचा झाला असता. पण ते मास्तर होते. उत्तर बरोबर आलं की ते फळ्यावर लिहून दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते कॅमेरा घेऊन तडक बाबूच्या अंगणात गेले.

"बघ बाबू. तोच जागो, तीच वेळ. खंय आसा पांढरो? नाय मां?"

बाबूने चपला काढल्या. बघितलं. "नाय."

"मगे काय ती धूळच."

सुगंधा दारात येऊन उभी राहिली. बाबूने विचारलं, "मास्तरानू, हो कॅमेरा काल खंय होतो?"

"कट्ट्याक. सुशांताकडे."

"शिवेच्या भायर?"

"कट्टो पहिल्यापासून शिवेच्या भायरच आसा, बाबू."

"आणि तेचो फोटो आत होतो?"

"कार्डात होतो. असतलोच मां."

बाबू पायरीवर बसला. "म्हणजे तुमी तेका घेऊन गेलास. शिवेपार. आणि येताना रिकामो कॅमेरा घेऊन इलास."

मास्तरांना हसू आलं. मग ते एकट्यालाच आलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"अरे फोटो म्हणजे तो नव्हे! प्रकाशाची नोंद आहे ती. आणि तो तर मुळात कण होता. कण!"

"असतलो. कण होतो तर कण. पण आता नाय, ह्यां तुमीच दाखवतास."

इतक्या वर्षांत वर्गात असा मुद्दा कोणी काढला नव्हता.

सुगंधाने शनिवारसाठी घेतलेली मोठी परात उचलून स्टेलाच्या ओट्यावर आणून ठेवली, पालथी. "बाय, माका जमाचां नाय."

"अगो, परवा माणसां येतत!"

"म्हणानच. बिनराखणीच्या घरात परक्यांका जेवण वाढूचां? रातची कोण खंय फिरात, कोणाक काय होयत, आणि मगे गाव म्हणात, सुगंधाच्या जेवणान झाला." तिने परातीवरून हात फिरवला. "आदी दिसलोच नसतो तर गोष्ट येगळी. पण हो दिसान गेलो. माझा मन घेणा नाय."

रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. मास्तर आणि स्टेला दोघंही कूस बदलत होती, एवढंच.

शुक्रवारी सकाळी स्टेलाने शेजारच्या वाड्यांत माणसं पाठवून बघितली. स्वयंपाकाला यायला कोणी तयार नव्हतं. बातमी आधीच पोचली होती, आणि पोचताना वाढली होती. एका वाडीत तर मास्तरांनी राखणदार कट्ट्याला विकला असं झालं होतं.

मग स्टेलाने स्वतः वडे करून बघितले. पहिला मास्तरांनी खाल्ला. चावायला वेळ लागला, त्यामुळे मत द्यायलाही लागला.

"बरो आसा," ते म्हणाले.

"खोटां बोलू नका." स्टेलाने कढई उतरवली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, की कशाने, हे मास्तरांनी विचारलं नाही. "जावा आणि तेका घेऊन येवा."

"कोणाक?"

"तुमी ज्याका सोडून इलास तेका."

"स्टेला, तुझो ह्याच्यार इस्वास आसा?"

"माझो सुगंधाच्या वड्यांर इस्वास आसा," ती म्हणाली. "मी मेल्विनाक काय सांगूचां? फ्लॅश बंद होतो म्हणान धंदो बुडालो?"

मास्तर दोनदा परसात जाऊन आले. पुस्तिका उघडली. डाव्या रकान्यात अशी तक्रार नव्हती. मग त्यांनी स्कूटर काढली.

बाबू मागे बसला. एका हातात पिशवी, पिशवीत नारळ. दुसऱ्या हाताने त्याने कॅमेरा छातीशी धरला होता. कट्ट्याला पोचेपर्यंत मास्तरांना ओळखीची माणसं भेटत राहिली आणि प्रत्येकाने विचारलं, "मास्तर, खंय?" मास्तर प्रत्येकाला "बाजारात" म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सुशांतच्या दुकानात गर्दी होती. कोणी स्क्रीनगार्ड लावून घेत होतं, कोणी आधारकार्ड लॅमिनेट. बाबूने काउंटरवर नारळ ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडले.

"बा राखणदारा, मास्तराकडून जाणतेपणी अजाणतेपणी चूक झाली. तुका कॅमेऱ्यातसून शिवेभायर हाडलो. मास्तर शिकलेलो माणूस आसा, तां समजान घे आणि चूक पदरात घे. आमच्यावांगडा घराक चल म्हाराजा!"

"होय म्हाराजा," दुकानातली माणसं म्हणाली. गाऱ्हाणं कशाचं आहे हे कोणाला माहीत नव्हतं, पण गाऱ्हाण्याला होकार द्यायची सवय जुनी. मास्तर लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत होते.

सुशांतने मास्तरांना बाजूला घेतलं. "सर, म्हणजे तो बुधवारपासून इथे होता?"

"सुशांत, तू माझा विद्यार्थी. तुला परावर्तन चांगलं येत होतं."

"येतं सर. पण दोन दिवस गिऱ्हाईक बघा ना केवढं आहे." त्याने दुकानाकडे बघितलं. "लगेच न्यायलाच पाहिजे का?"

परतताना बाबूने सूचना दिल्या. जोरात ब्रेक मारायचा नाही, मागे वळून बघायचं नाही, वाटेत कोणाला गाडीवर घ्यायचं नाही. मास्तरांनी तिन्ही पाळल्या. शिवेवर बाबूने नारळ फोडला आणि खोबऱ्याची फोड त्यांच्या हातात दिली. ती चघळत मास्तर घरी आले.

तिन्हीसांजेला पाषाणासमोर चौघं जमली. बाबू, सुगंधा, स्टेला आणि कॅमेरा धरलेले मास्तर. "काढा फोटो," बाबू म्हणाला. "इलो असात तर दिसतलो."

मास्तरांनी फ्लॅश चालू केला. फोटो काढला. पडद्यावर रतांबा, पाषाण. गोल नाही.

दुसरा काढला. नाही. तिसरा. नाही.

सुगंधाने पदर खोचलेला होता तो सोडला.

पाहुण्यांसाठी स्टेलाने सकाळीच सगळं परस शेणाने सारवून घेतलं होतं आणि वर पाणी शिंपडलं होतं. हवेत धुळीचा कण नव्हता. भिंगावर डाग नव्हता, नळीत रेती नव्हती, झाकण घट्ट होतं. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा निर्दोष चालत होता.

धूळ हवी होती. मास्तर कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेले.

"तिन्हीसांजेक केर?" बाबू आणि स्टेला एकदमच ओरडले.

"लक्ष्मी भायर जाता," स्टेला म्हणाली.

"अगो, आपण किरिस्ताव."

"तरी पण जाता."

मास्तरांनी केरसुणी ठेवली. सुगंधा फाटकाकडे निघाली होती. मास्तर स्टेलाच्या जवळ गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या कानात काहीतरी कुजबुजले. तिने त्यांच्याकडे बघितलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "अगो बाय माझे! पाहुण्यांच्या गादये झटकूच्या रवले!"

माळ्यावरची कापसाची गादी ब्रँडनच्या लहानपणापासून तिथेच होती. स्टेलाने ती ओढून परसातल्या दांडीवर टाकली, काठी घेतली आणि मारायला सुरुवात केली. पहिला फटका जपून बसला. दुसऱ्या फटक्यापासून तिला कोणीतरी आठवलं असावं. बहुतेक म्हापशाचं. धूळ, कापूस, झुरळांचे पंख, वर्षानुवर्षांचं सगळं हवेत उठलं. बाबू शिंकला. मास्तरांनी श्वास धरला आणि बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला.

चौघांनी पडद्यावर डोकी घातली. पाषाणावर गोल होता. रतांब्यावर होते. विहिरीवर, दांडीवर, बाबूच्या डोक्यावर. मोठे, लहान, एकात एक अडकलेले. झाड दिसायला जागा नव्हती.

बाबू बोटाने मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"आमचो हो," पाषाणावरच्या मोठ्या गोलाकडे त्याने दाखवलं. "पण हे बाकीचे कोण?"

स्टेला काठी धरून उभी होती. केसांत कापूस, भुवयांवर धूळ. ती मास्तरांकडे बघत होती. मास्तरांना सगळं सांगता आलं असतं. कण, भिंग, अंतर, प्रकाश. फळा आणि खडू मिळाला असता तर आकृतीसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला.

"कट्ट्याचे असतले," ते म्हणाले. मालवणीत म्हणाले. "वांगडा इले असतीत."

बाबूने मान हलवली. त्याला ते पटलं. बाजारची वस्ती, फिरायची आवड असणारच.

सुगंधा विचार करत होती. उत्तर आता मास्तरांच्या हातात नव्हतं.

"आपलो इलो मां परत? बस झाला," ती शेवटी म्हणाली आणि पदर खोचला. "बाकीचे पाहुणे. दारात इलेल्याक कोणी उपाशी धाडता? बाय, ती परात खंय? पीठ जास्ती मळूक होया." आणि आत जाता जाता तिने ओट्यावरचा स्टेलाचा वडा उचलून बघितला. "ह्यां काय? कॅमेऱ्याचां झाकाण?"

स्टेला हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदा. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि केसांतला कापूस काढू लागली.

बाबू मात्र घरी गेला नाही. "मास्तरानू, ह्या कट्टेकरांका हंय ठेवून चलाचां नाय. तेंची थंय राखण पडलेली आसा. सकाळी सोडून येवा."

"कसो?"

"जसो आमचो हाडलास तसो. कॅमेऱ्यातसून. आमचो तेवडो हंय ठेवा म्हणजे झाला."

मास्तरांनी रात्री लॅपटॉपवर बसून तो फोटो कापला. पाषाणावरच्या मोठ्या गोलाचा तुकडा वेगळा करून लॅपटॉपवरच ठेवला, बाकीचे गोल कार्डात राहू दिले. हे काम करताना त्यांनी ओटीवरचा दिवा मालवला होता, कोणी बघू नये म्हणून.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून खोबरं भाजल्याचा वास यायला लागला तेव्हा ते कॅमेरा खिशात घालून निघाले. बाबू फाटकात उभा राहून हात जोडून निरोप देत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

पुलाच्या अलीकडे समोरून एक मोठी गाडी आली आणि त्यांच्याजवळ थांबली. मागे आठ जणं, टोप्या, गॉगल, मांडीवर फराळाचे डबे. पुढच्या खिडकीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"काका, तोंडवलीला सुगंधाकाकूंचं जेवण मिळतं ते होमस्टे कुठे?"

"सरळ जा. इगर्जीच्या पुढे उजवीकडे. वास येईल."

"आणि काका, एक विचारू? आमच्यात लेडीज जास्त आहेत." बाईंनी आवाज थोडा खाली आणला. "तिथे रात्रीची राखण वगैरे काही असते का?"

मास्तरांनी खिशावर हात ठेवला.

"असते," ते म्हणाले. "सध्या गरजेपेक्षा जास्तच आहे. मी थोडी कमी करायला निघालोय." आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.